कामास व प्रवासास टिकाऊ लॅपटॉप : पारख कशी करावी ?

ज्या वस्तूची किंमत एका दुभत्या म्हशीइतकी असते, ती म्हशीइतक्याच काळजीनें पारखून घेतली पाहिजे, हें कोणीही कबूल करील. परंतु अनुभव निराळा आहे. म्हैस घ्यावयाची झाली तर जो गृहस्थ चार बाजार हिंडतो, दांत पाहतो, सड चाचपतो आणि दोन वेळां धार काढल्यावांचून इसारा देत नाहीं, तोच गृहस्थ लॅपटॉप घेतांना दुकानदारानें पुढें ठेवलेला चकचकीत नग अर्ध्या तासांत उचलून घरीं येतो. यांत सर्व दोष दुकानदाराचा नाहीं. म्हशीचीं लक्षणें आपणांस वाडवडिलांकडून कळलेलीं असतात. या यंत्राचीं लक्षणें आपणांस कोणीं शिकविलेलीं नसतात. तीं साध्या भाषेंत सांगावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. हातानें लिहिलेल्या फेरफाराच्या वहीपासून संगणकावरील सातबाऱ्यापर्यंतचा बदल आम्हीं जवळून पाहिला. निवृत्तीनंतर गांवच्या सोसायटीचें व शेतकरी उत्पादक कंपनीचें कागदपत्र पाहण्याचें काम अंगावर आल्यामुळें हीं यंत्रें रोज हाताळावीं लागतात, व तीं घेऊन एस. टी. नें तालुक्यास व जिल्ह्यास जावें लागतें. त्या अनुभवास अनुसरून पुढील विवेचन केलें आहे.

गरज आधीं ठरवावी

पहिला प्रश्न असा कीं, लॅपटॉप हवाच आहे काय ? ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. ती मोबाईलवरच करावयाची असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या काढतां येतो. त्यासही मोबाईल पुरतो. बाजारभाव व हवामानाचा अंदाज पाहणें एवढ्याच कामांसाठीं कोणी लॅपटॉप घेऊं नये. तो पैसा ठिबकाच्या नळ्यांत घालावा.

परंतु ज्यांस अनेक रकान्यांचे हिशेब ठेवावे लागतात, बँकेस कर्जाचा प्रकल्प-अहवाल लिहून द्यावा लागतो, जी. एस. टी. चीं विवरणपत्रें भरावीं लागतात, उत्पादक कंपनीचीं वार्षिक पत्रकें डिजिटल सहीनें दाखल करावीं लागतात, किंवा द्राक्षें परदेशीं पाठवून बागेच्या नोंदणीपासून औषधांच्या अंशाच्या तपासणीपर्यंतचे कागद सांभाळावे लागतात, त्यांचें काम मोबाईलच्या लहान पडद्यावर नीट होत नाहीं. घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिचीही सोय त्याच यंत्रांत पाहतां येते. अशांनीं एक कागद घेऊन तीन गोष्टी लिहून काढाव्या : कोणकोणतीं कामें करावयाचीं, महिन्यांतून किती दिवस यंत्र घराबाहेर न्यावयाचें, आणि तें किती वर्षें पुरावें. हा कागद हातांत असल्याशिवाय दुकानाची पायरी चढूं नये.

दोन जाती

हातांत घेऊन जाण्याजोगा संगणक ही कल्पना तशी नवी नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत ‘ऑस्बोर्न १’ नांवाचा असा पहिला यशस्वी संगणक बाजारांत आला. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें व पडदा अवघा ५ इंचांचा होता. तो करणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचें बालपण तामिळनाडूंत तिरुवण्णामलई येथें गेलें, व त्यांचा शेवटही २००३ सालीं कोडाईकनाल येथें झाला. त्या ११ किलोंच्या पेटीपासून आजच्या दीड किलोच्या यंत्रापर्यंत मजल आली आहे. पण वजन कमी करतांना कांहीं कारखानदारांनीं बळकटीही कमी केली, आणि येथूनच पारखण्याचें कारण उत्पन्न होतें.

आज बाजारांत मुख्यतः दोन जातींचे लॅपटॉप मिळतात. एक घरगुती वापराचे व दुसरे कचेरीच्या वापराचे. घरगुती नग दिसावयास देखणे व किंमतीनें स्वस्त असतात. दुकानांत पुढें मांडलेले बहुधा हेच असतात. कचेरीचे नग मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठीं शेंकड्यांनीं घेतात. नग बंद पडला म्हणजे नोकराचा दिवस बुडतो, म्हणून अशा गिऱ्हाइकांस दिखाव्यापेक्षां टिकाऊपणा व लवकर होणारी दुरुस्ती यांची किंमत अधिक वाटते. आय. बी. एम. कंपनीनें १९९२ सालीं काढलेला व २००५ पासून लेनोव्होकडे असलेला ‘थिंकपॅड’, डेलचा ‘लॅटिट्यूड’, एच. पी. चे ‘एलिटबुक’ व ‘प्रोबुक’ हीं या जातीचीं परिचित नांवें होत. यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात, आणि सुटे भाग बरीच वर्षें मिळतात. तालुक्याच्या ठिकाणच्या कारागिरासही त्यामुळें आंतील स्क्रू कोणत्या क्रमानें काढावयाचे तें कळतें.

तिसरी एक जात आहे, ती खास दणकट यंत्रांची. पॅनासॉनिकचा ‘टफबुक’ १९९६ पासून या जातींत नांवाजलेला आहे. पोलीस, मोजणीदार, सैनिक अशांसाठीं तीं यंत्रें असतात. तीं जड व फार महाग असल्यामुळें सामान्य शेतकऱ्यास त्यांची आवश्यकता नाहीं. ‘अ‍ॅपल’चा ‘मॅकबुक एअर’ २०२० च्या अखेरीपासून पंख्यावांचून येतो, बॅटरी पुष्कळ पुरते व अंगही धातूचें असतें. परंतु त्याची स्मृति व साठवण मागाहून वाढवितां येत नाहीं, दुरुस्ती खर्चाची आहे, आणि आपल्याकडील कांहीं हिशेबी व सरकारी कामांचे प्रोग्राम विंडोजसाठींच केलेले असतात. तो घेण्यापूर्वीं आपलें काम त्यावर चालतें कीं नाहीं, याची खातरजमा करून घ्यावी.

लष्करी परीक्षेचा शिक्का

पुष्कळ खोक्यांवर ‘मिल-एस. टी. डी.-८१०’ असा शिक्का दिसतो, आणि दुकानदार तो मोठ्या अभिमानानें दाखवितो. त्याचा खरा अर्थ समजून घ्यावा. ही अमेरिकेच्या लष्करानें १९६२ सालीं ठरविलेली परीक्षापद्धति आहे. तिची ‘एच’ ही आवृत्ति २०१९ सालची. पडणें, हादरे, धूळ, दमटपणा, उष्णता, थंडी अशा अनेक परीक्षा तींत आहेत. परंतु लष्कर कोणत्याही लॅपटॉपास प्रमाणपत्र देत नाहीं. त्यांतील कोणत्या परीक्षा घ्यावयाच्या हें कारखानदार ठरवितो, व बहुधा तोच किंवा त्यानें नेमलेली प्रयोगशाळा त्या घेते. म्हणून शिक्का पाहून न थांबतां कोणकोणत्या परीक्षा घेतल्या, असें विचारावें. ज्या कंपन्या त्यांची यादी प्रसिद्ध करतात, त्यांच्या बोलण्यास वजन द्यावें.

पाण्याधुळीसाठीं ‘आय. पी.’ म्हणून निराळा आंकडा असतो. त्यांतील पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. पहिला जास्तींत जास्त ६ असतो. सामान्य लॅपटॉपास हा आंकडा नसतोच. की-बोर्डवर पाणी सांडलें तर तें खालच्या भोंकांतून निघून जावें, अशी योजना मात्र कचेरीच्या कांहीं नगांत असते. तिचा अर्थ इतकाच कीं, यंत्र बंद करून पालथें घालण्यास आपणांस अवधि मिळतो. साखरेच्या चहावर ती योजना पुरी पडत नाहीं.

अंगकाठीची परीक्षा

दुकानांत पुढील गोष्टी स्वतःच्या हातांनीं कराव्या. दुकानदारास करावयास लावूं नये.

(१) *बिजागरी.* झांकण वरच्या मधोमध धरून हळूं उघडावें. तें ठेवलें तेथेंच राहिलें पाहिजे. मग एका कोपऱ्यास धरून उघडावें. पडदा पिळवटतांना दिसला किंवा कुरकुर ऐकूं आली, तर तो नग सोडावा. स्वस्त लॅपटॉपांत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या अंगांत बसविलेले असतात, आणि दोन तीन वर्षांत ते त्या प्लॅस्टिकसह उपटून येतात. दुरुस्तीवाल्यांकडे येणाऱ्या स्वस्त नगांत ही तक्रार फार आढळते.

(२) *धड.* यंत्र एका पुढील कोपऱ्यास धरून उचलावें. तें वाकत असेल तर आंतील पट्टीसही ताण बसतो. की-बोर्डच्या मध्यावर अंगठ्यानें दाबून पाहावें. तो खोल जातां कामा नये.

(३) *कळा.* दोन ओळी मराठींत टंकून पाहाव्या. विंडोजमध्यें मराठीची सोय मुळांतच असते. सरकारमान्य ‘इनस्क्रिप्ट’ पद्धति व उच्चाराप्रमाणें टंकण्याची पद्धति, दोन्ही मिळतात. जुन्या निराळ्या फॉण्टांत लिहिलेले कागद दुसऱ्या यंत्रावर अगम्य दिसतात, म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्येंच करण्याचा परिपाठ ठेवावा.

(४) *पडदा.* तो चकाकणारा नसावा. चकाकत्या पडद्यांत आपलेंच तोंड दिसतें. प्रकाशाचें माप ‘निट’ या परिमाणांत सांगतात. साध्या पडद्याचें तें २५० असतें व घरांत तेवढें पुरतें. पडवींत, गाडींत किंवा शेतावर काम करावयाचें तर ४०० च्या जवळपास असावें.

(५) *छिद्रें.* डिजिटल सहीचें टोकन, प्रिंटर व पेनड्राइव्ह अजून बहुधा जुन्या चौकोनी यू. एस. बी. छिद्रांतच बसतात. तीं निदान दोन असावीं. त्याशिवाय ‘टाइप-सी’चें एक छिद्र असावें व त्यांतून बॅटरी भरतां यावी. असें असलें म्हणजे एकच चार्जर लॅपटॉपास व मोबाईलास चालतो, आणि प्रवासांत चार्जर बिघडला तर दुसऱ्याचा मागून वेळ निभावतां येते. बहुतेक कामाच्या लॅपटॉपांस ६५ वॉटचा चार्जर पुरतो.

पोटांतील भाग

लॅपटॉपांतील साठवण दोन प्रकारची असते. जुन्या प्रकारांत तबकड्या मिनिटास ५४०० किंवा अधिक वेळां फिरतात व त्यांवर केसाहूनही कमी अंतरावर सुई तरंगते. चालू स्थितींत दणका बसला तर सुई तबकडीस घासते व लिहिलेलें नाहींसें होतें. नव्या प्रकारास ‘एस. एस. डी.’ म्हणतात, त्यांत हलणारा भाग मुळींच नाहीं. आपल्या रस्त्यांवरून जावयाचें असेल तर एस. एस. डी. असलेलाच नग घ्यावा, यांत दुमत नाहीं. ५१२ जी. बी. ची साठवण हिशेब, कागद व छायाचित्रें यांस पुष्कळ होते.

स्मृति, म्हणजे ज्यास ‘रॅम’ म्हणतात ती, ८ जी. बी. हून कमी घेऊं नये. पांच सहा वर्षें वापरावयाचें तर १६ असावी. ती पट्टीवर डाग देऊन कायम बसविली आहे कीं काढघाल करतां येते, हें अवश्य विचारावें. काढघाल करतां येत असेल तर आज ८ घेऊन पुढें १६ करतां येते. कायमची असेल तर आरंभींच पुरेशी घ्यावी लागते.

प्रोसेसरच्या नांवांत लोक फार फसतात. ‘आय-७ आहे’ एवढें ऐकून मंडळी खूष होतात; परंतु पिढी विचारीत नाहींत. दहा वर्षांपूर्वींच्या आय-७ पेक्षां आजचा आय-३ पुष्कळदां अधिक चपळ असतो व वीजही कमी खातो. दुसरें असें कीं, विंडोज १० ला मिळणारी कंपनीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ साठीं ‘टी. पी. एम. २.०’ ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणें आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्याहून जुना नग स्वस्तांत मिळाला तरी बँकेच्या व सहीच्या कामास तो सुरक्षित नाहीं. लिनक्स ही फुकट प्रणाली घालून असें यंत्र मुलांच्या अभ्यासास मात्र चालतें.

बॅटरी, वीज व हवा

बॅटरीची शक्ति ‘वॉट-तास’ या परिमाणांत तिच्या अंगावर छापलेली असते. हिशेब सोपा आहे. बॅटरी ५० वॉट-तासांची असून लिहिण्यावाचण्याच्या कामास यंत्र १० वॉट खात असेल, तर ती ५ तास चालेल. जाहिरातींत १२ तास लिहिलेले असले तरी हा भागाकार स्वतः करावा. तीनशें ते पांचशें वेळां पूर्ण भरली व रिकामी झाली म्हणजे सामान्य बॅटरीची धारणशक्ति सुमारें ८० टक्क्यांवर येते. उष्णतेनें ती याहूनही लवकर खंगते. यंत्र बहुतेक काळ विजेस जोडलेलें राहत असेल तर ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय पुष्कळ कंपन्या देतात. तिचा उपयोग करावा. बॅटरी फुगून की-बोर्ड वर उचलला गेला, तर यंत्र त्याच क्षणीं बंद करावें व बॅटरी बदलून घ्यावी. तशा बॅटरीस टोंचणें किंवा दाबणें म्हणजे आगीस आमंत्रण होय.

खेड्यांतील विजेची स्थिति वाचकांस सांगावयास नको. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असें छापलेलें असतें, म्हणून दाब कमी झाला तरी तो बहुधा निभावतो. भीति आहे ती एकदम वाढणाऱ्या दाबाची. रात्रीं पंप बंद झाले म्हणजे किंवा वीज जाऊन परत येते त्या क्षणीं हा धक्का बसतो. तेव्हां वीज गेली कीं चार्जर काढावा, परत आल्यावर पांच मिनिटें थांबून लावावा, आणि ढग गडगडूं लागतांच तो भिंतीपासून अलग करावा. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपास हात लावतांच झिणझिण्या येत असतील, तर घराच्या जोडणींत अर्थिंग नाहीं असें समजून तारतंत्र्यास बोलवावें.

बहुतेक कंपन्यांच्या पत्रकांत यंत्र ३५ अंश उष्णतेपर्यंत चालविण्यास योग्य म्हणून लिहिलेलें असतें. विदर्भ-मराठवाड्यांतील मे महिना त्याच्या पुष्कळ पुढें जातो. दुपारीं यंत्र गोधडीवर किंवा मांडीवर ठेवून वापरल्यास खालचीं हवेचीं भोंकें बुजतात; फळी किंवा ताट उपडें ठेवून त्यावर ठेवावें. उन्हांत उभ्या केलेल्या जीपगाडींत तें कधींही विसरूं नये. मळणीच्या दिवसांत भुसा पंख्यांत जातो, म्हणून वर्षांतून एकदां मागचें झांकण काढवून पंखा स्वच्छ करवावा. कोंकणांत व मावळांत पावसाळ्यांत यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवूं नये; रोज थोडा वेळ चालविल्यानें आंतील ओल उडते.

प्रवासांत

१४ इंची लॅपटॉप दीड किलोच्या आसपास असतो, १५.६ इंची पावणेदोन ते सवादोन किलो. एस. टी. नें जाणारास १४ इंचीच सोयीचा. पिशवी जाड अस्तराची असावी व तिचा तळ यंत्रास टेंकूं नये, म्हणजे पिशवी खालीं आदळली तरी दणका आंत पोंचत नाहीं. पिशवी मोटारसायकलच्या कॅरिअरला दोरीनें बांधण्यापेक्षां पाठीवर घ्यावी. पाठ हादरे सोसून घेते. झांकण नुसतें मिटून निघूं नये, यंत्र पूर्ण बंद करून निघावें. नाहीं तर पिशवींत तें जागें होऊन तापतें. की-बोर्डवर पेन किंवा चार्जरचा खडा राहिला असतां झांकण मिटल्यास पडदा फुटतो, व त्याची भरपाई कोणतीही साधी हमी देत नाहीं.

विमानानें जाणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी असलेला लॅपटॉप आपल्याबरोबर हातांतील सामानांत नेतां येतो. १०० पासून १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँक खालीं द्यावयाच्या सामानांत मुळींच चालत नाहीं.

वापरलेला नग

मोठ्या कंपन्या तीन चार वर्षांनीं आपले लॅपटॉप काढून टाकतात व ते दुरुस्त होऊन बाजारांत येतात. यांत कचेरीच्या जातीचा चांगला नग निम्म्याहून कमी किंमतींत मिळूं शकतो, आणि तो नव्या घरगुती नगापेक्षां अधिक काळ टिकल्याचींही उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत. पण येथें परीक्षा कसून करावी. पाठीवरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून मूळ विक्रीची माहिती व हमीची मुदत ताडून पाहावी. यंत्र सुरू होतांना मागील मालकाचा पासवर्ड विचारीत असेल किंवा एखाद्या कंपनीचें नांव दाखवीत असेल, तर तें कितीही स्वस्त असलें तरी घेऊं नये. तें पुढें केव्हांही अडेल, कदाचित् चोरीचेंही निघेल. विंडोजमध्यें बॅटरीचा अहवाल काढतां येतो. त्यांत मूळ धारणशक्ति व आजची धारणशक्ति असे दोन आंकडे असतात. आजचा आंकडा मूळच्या ७० टक्क्यांहून कमी असल्यास नव्या बॅटरीची किंमत सौद्यांतून वजा करून मागावी.

बिल व हमी

नवा असो वा वापरलेला, जी. एस. टी. चें छापील बिल घ्यावें व त्यावर अनुक्रमांक लिहवून घ्यावा. कांहीं रुपये वांचविण्यासाठीं बिलावांचून घेतलेला नग म्हणजे दस्तऐवजावांचून घेतलेली जमीन. नव्या नगावर किंवा चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचें चिन्ह असतें, तें पाहावें. हमी घरपोंच आहे कीं यंत्र आपण सेवाकेंद्रांत नेऊन द्यावयाचें आहे, हें विचारून लेखी घ्यावें. सेवाकेंद्र ९० मैलांवर असेल तर घरपोंच हमीचे जादा पैसे देणें किफायतीचें आहे. पडल्याची व पाणी सांडल्याची नुकसानी साध्या हमींत नसते. ती निराळे पैसे भरून घ्यावी लागते. तक्रारीची दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा दूरध्वनि आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते.

दप्तराची नक्कल

यंत्र कितीही टिकाऊ घेतलें तरी तें एक दिवस बंद पडणारच. एस. एस. डी. सुद्धां कांहीं वेळां पूर्वसूचना न देतां एकाएकीं मरते. म्हणून यंत्राच्या निवडीइतकेंच महत्त्व त्यांतील नोंदींच्या नकलेस आहे.

आमच्या तालुक्यांतील एका सोसायटीचा प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. नांवाचें प्रयोजन नाहीं. चारशेंवर सभासदांचीं कर्जखातीं एका जुन्या, तबकडीच्या लॅपटॉपांत होतीं. वसुलीच्या दिवसांत तो चालू स्थितींतच मोटारसायकलवरून नेला गेला, आणि बँकेंत पोंचल्यावर तबकडी वाचतां येईना. दुसरी नक्कल कोठेंही नव्हती. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती कपाटांत होत्या, त्यांवरून तीन आठवडे बसून खातीं पुन्हा लिहिलीं गेलीं. परंतु दोघां सभासदांच्या स्थळप्रती ओलीनें वाचतां येण्याजोग्या राहिल्या नव्हत्या, व त्यांच्या घरच्या पावत्याही सांपडल्या नाहींत. मुदतींत फेड करणारास व्याजाची सवलत असते. त्या दोघांनीं फेड केली होती हें सारा गांव जाणत होता, पण कागद बोलेना. त्यांची फेड मान्य होईतों पाऊस पडून गेला, नवें कर्ज मिळालें नाहीं, आणि पेरणीसाठीं त्यांनीं सावकाराचे पैसे काढले. चारपांचशें रुपयांचा एक पेनड्राइव्ह असता तर हें टळलें असतें.

नक्कल कशी ठेवावी याचा नियम सोपा आहे : नोंदींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, व त्यांपैकीं एक निराळ्या घरीं. एक प्रत लॅपटॉपांत, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटांत, आणि एक इंटरनेटवरील साठवणींत किंवा दुसऱ्या गांवच्या विश्वासू नातेवाइकाकडे. दर शनिवारीं नक्कल करावी व महिन्यांतून एकदां ती उघडून खरोखर वाचतां येते कीं नाहीं तें पाहावें. न वाचलेली नक्कल ही नक्कल नव्हे.

आणखी एक सूचना. हल्लींच्या यंत्रांत सर्व मजकूर गुप्त लिपींत ठेवण्याची योजना असते. चोरी झाली तर सभासदांचे आधारचे कागद चोरास वाचतां येत नाहींत, हा तिचा मोठा फायदा आहे. परंतु तिची ४८ अंकी किल्ली हरवली तर मालकासही तो मजकूर मिळत नाहीं. ती किल्ली कागदावर उतरून जमिनीच्या दस्तांबरोबर ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवींत ठेवूं नये.

खर्चाचा हिशेब

शेवटीं किंमतीविषयीं. किंमतीस वर्षांनीं भागावें. उदाहरणादाखल, ४० हजारांचा घरगुती नग तीन वर्षें चालला तर वर्षास १३ हजार तीनशेंवर खर्च पडतो. ७० हजारांचा कचेरीचा नग मध्यें ५ हजारांची बॅटरी बदलून सात वर्षें चालला तर वर्षास सुमारें १० हजार ७०० पडतात. २८ हजारांचा वापरलेला चांगला नग चार वर्षें चालला तर वर्षास ७ हजार. प्रत्येकानें आपल्या गांवच्या बाजारांतील आंकडे घालून हा भागाकार करावा. उत्तर निरनिराळें येईल, पण स्वस्त वाटणारा नग स्वस्त आहे कीं नाहीं तें उघड होईल.

सोसायटीच्या किंवा उत्पादक कंपनीच्या पांचदहा सभासदांस लॅपटॉप घ्यावयाचे असतील तर त्यांनीं एकाच जातीचे एकत्र घ्यावे. भाव कमी करून मिळतो, घरपोंच हमी मिळविणें सोपें जातें, आणि एकाचा चार्जर किंवा सुटा भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. खत व बियाणें आपण असेंच घेतों.

खरेदीची वेळही विचारपूर्वक निवडावी. अर्जाची मुदत उद्यां संपणार म्हणून आज धांवत जाऊन घेतलेल्या नगाची पारख होत नाहीं, आणि अडलेल्या गिऱ्हाइकास दुकानदारही ओळखतो. कामाच्या हंगामापूर्वीं निदान महिनाभर नग घरीं आणावा, पहिले पंधरा दिवस तो रोज कांहीं तास चालवावा, एकदां प्रवासासही न्यावा. उपजत दोष असेल तर बहुधा या पंधरवड्यांतच दिसतो, आणि तेव्हां बिल ताजें असतें व बदलून मागण्याचा आपला हक्कही तितकाच ताजा असतो.